शेजार निवडण्याचा अधिकार

दरवर्षी जून महिन्यात शाळेच्या कार्यालयासमोर पालकांची एक रांग लागते. ही रांग प्रवेशासाठी आलेल्यांची नसते. शाळा सोडल्याचा दाखला नेणाऱ्यांची असते. दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात आम्ही ‘पालकाचे स्थलांतर’ एवढे दोन शब्द लिहितो, शिक्का उमटवतो आणि एका मुलाचा आमच्याशी असलेला संबंध संपतो. नांदेडहून निघणारी एक गाडी परभणीवरून परळी, लातूर, पुणे असा वळसा घेत थेट पनवेलला जाते. आमच्या जिल्ह्यातले अनेक संसार ह्या वाटेने समुद्राकडे गेले आहेत. जाण्याआधी बाप दोन प्रश्न विचारतो: वस्ती कोणती धरावी, आणि शाळा कोणती बघावी? भाडे, फी आणि अंतर यांचा हिशेब मांडला म्हणजे हे प्रश्न सुटले, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की हे प्रश्न मुळात नीतीचे आहेत, आणि त्यांचे हिशेबी उत्तर शोधताना त्यांतली नीती आपल्या हातून निसटते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. जाणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार राहणाऱ्याला नाही. गावावर प्रेम नाही म्हणून माणसे जातात, हा समज खोटा आहे. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच बापाबरोबर पंढरपूरला गेली आणि नामदेवांच्या घरी वाढली, असे परंपरा सांगते. त्या बापाने मुलीसाठी कोणते घर पाहिले, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरले. तिचे शब्द गोदाकाठी फुटले असते की नाही, हे कोण सांगणार? पण परक्या गावचे घर आणि त्या घरातली माणसे मुलाला घडवतात, हे आमच्या जिल्ह्याला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

अलीकडे याला मोजमापाचाही आधार मिळाला आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून, कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली, काहींना नाही. ही मुले मोठी झाल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचे उत्पन्न ताडून पाहिले. तेरा वर्षांच्या आत ज्यांनी वस्ती बदलली, त्यांचे उत्पन्न तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक भरले. तेरा वर्षांनंतर गेलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. उलट थोडे नुकसानच दिसले. अमेरिकेचा आकडा पनवेलला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला कळते. परंतु त्यातले दोन धडे कोणत्याही गावचे आहेत. शेजार मुलाच्या अंगात हळूहळू, वर्षांच्या गतीने मुरतो. आणि दहावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला उपटून नेणे हा चौथीतल्या मुलाला नेण्यासारखाच निर्णय नव्हे. बापाला नोकरी मिळाली म्हणजे मुलालाही जागा मिळाली, असे होत नाही.

तेव्हा चांगला शेजार शोधणे हे बापाचे कर्तव्यच आहे. पण मग ‘चांगला’ म्हणजे काय?

१९२९ साली अमेरिकेतल्या क्लॅरेन्स पेरी नावाच्या गृहस्थाने शेजाराची एक आखणी मांडली. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा असावी, आणि कोणत्याही मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत तिथे जाता यावे, अशी ती कल्पना. पुढे जगभर नगरे आखणाऱ्यांनी तिचा आधार घेतला. आपल्याकडे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली, ती अशीच विभागाविभागांनी आखून. आमच्याकडून गेलेला माणूस कळंबोलीला, कामोठ्याला किंवा खारघरला उतरतो तेव्हा सरळ रस्ते आणि सेक्टरांचे आकडे पाहून त्याला वाटते, येथे पूर्वी काहीच नव्हते, सगळे आत्ताच सुरू झाले आहे.

तसे नाही. ही नगरी पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर उभी आहे. आगरी आणि कोळी लोकांची ती भातशेती, मिठागरे आणि मासेमारीची खाजणे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्या लढ्याचे फळ होय. आपण ज्याला मोकळी जागा समजतो ती कुणाच्या तरी आजोबाचे शेत असते. नव्याने आलेला माणूस भाडे भरतो म्हणून मालकाचे ऋण फिटत असेल. गावाचे फिटत नाही. निदान त्या गावठाणातली मुले कोणत्या शाळेत जातात, एवढे विचारण्याइतकी तरी पाहुण्याची रीत पाळावी. बहुतेक पालक हा प्रश्न विचारत नाहीत. विचारला तरी, त्या शाळेत आपल्याला घालावयाचे नाही, एवढ्यापुरताच विचारतात.

येथे खरी अडचण सुरू होते. वस्तीबद्दल चौकशी करताना आपण पाणी, दिवे, दवाखाना यांविषयी विचारतो, आणि मग आवाज किंचित खाली आणून विचारतो, “लोक कसे आहेत तिथले?” हा प्रश्न किती निरागस वाटतो! पण त्यात आडनाव असते, जात असते, धर्म असतो, आणि ताटात काय वाढले जाते तेही असते. घर दाखवणारा दलालही आता हे सगळे न लाजता विचारतो. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते जात लपवून राहिले. ती उघड होताच काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ही कथा जुनी झाली असे मानण्याचे कारण नाही. एका समाजापुरतेच सभासदत्व ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला आहे. काठ्या गेल्या, पोटनियम आले.

कुणी म्हणेल, आम्ही कुणाचा द्वेष करीत नाही, आपल्यासारखी चार माणसे जवळ असावीत एवढेच आम्हाला हवे. ही इच्छा माणुसकीची आहे, हे मी मान्य करतो. परक्या गावी आजारपणात आपल्या बोलीतला एक शब्द औषधासारखा लागतो. पण थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. त्याने पटावर दोन प्रकारची नाणी मांडली आणि नियम केला की प्रत्येक नाण्याला आपल्यासारखे काही शेजारी हवेत. सगळे नव्हेत, थोडेसेच. तेवढ्या अटीवर नाणी हलवत गेल्यावर पटाचे दोन तुकडे पडले, एकीकडे एक जात, दुसरीकडे दुसरी. कुणाही नाण्याला फाळणी नको होती, तरी फाळणी झाली. सौम्य, सभ्य, घरगुती आवडीनिवडींतूनही समाजात भिंती उभ्या राहतात. म्हणून ‘माझ्या मनात वाईट नव्हते’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

मग कसोटी कोणती? मला एकच सुचते, आणि ती आमच्या माणसाच्या अनुभवातूनच सुचते. आपण तिथल्या लोकांविषयी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न कुणी आपल्याविषयी विचारला तर चालेल काय? परभणीचा माणूस किनाऱ्यावर गेला की त्याच्याविषयीही आवाज खाली आणून विचारले जाते, “मराठवाड्याकडचे का?” त्याचे मूल वर्गात “मी जेवायलो” म्हणते तेव्हा सगळा वर्ग हसतो, कारण त्या बाजूला ‘जेवतो आहे’ म्हणतात. त्याच वर्गात आगरी बोली बोलणाऱ्या मुलालाही हसतात. दोघेही पुस्तकी मराठीचे पाहुणेच. ही दोन मुले एका बाकावर बसली तर दोघांचीही लाज निम्मी होते. पण त्यांच्या बापांनी त्यांना एका शाळेत घातले तर ना!

शाळेचा प्रश्न शेजाराहून कठीण आहे, कारण तिथे आपला लोभ कर्तव्याचा वेष घेतो. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरशाळेची कल्पना मांडली होती: एका परिसरातली सर्व मुले, गरीब आणि श्रीमंत, एकाच शाळेत शिकावीत. ते झाले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवून त्या कल्पनेचा एक तुकडा वाचवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. स्थलांतर करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ह्या जागा प्रवेशाच्या पहिल्या पायरीवरच मिळतात. तिसरी-चौथीतले मूल घेऊन गेलेल्या गरिबाला त्यांचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कायद्यात दुसरे कलम आहे. दाखला मागाहून आला तरी प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. हे फार थोड्या पालकांना माहीत असते.

बाकी पालक फी भरून निवड करतात. इंग्रजी माध्यम घ्यावे की मराठी, यावर ते रात्र-रात्र बोलतात. आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न नवा नव्हता. निजामाच्या राजवटीत उर्दूने नोकरी मिळे आणि मराठीने घर राही. मुलाला उर्दूत शिकवणाऱ्या बापाला तेव्हा कुणी गद्दार म्हटले नाही, आणि आज इंग्रजीत शिकवणाऱ्यालाही म्हणू नये. आक्षेप माध्यमावर नाही. आक्षेप वाढीव फीमधून आपण नेमके काय विकत घेतो यावर आहे.

“तुमच्या तत्त्वासाठी माझ्या लेकराचा बळी का?” असे मला एक पालक म्हणाले. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून कुठलीही नीती उभी राहत नाही. जिथे शिक्षक येत नाहीत, जिथे मुलींना संडास नाही, जिथे पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही, अशा शाळेत समतेसाठी मूल पाठवा, असे मी कुणालाही सांगणार नाही. बापाने मुलाचे आयुष्य पणाला लावून समाजसुधारक होऊ नये. परंतु पुरेशी चांगली शाळा आणि सर्वांत वरची शाळा यांत फरक आहे. पुरेशापर्यंतचा प्रत्येक रुपया विद्येसाठी जातो. त्यापुढचा रुपया पुष्कळदा आपल्या मुलाशेजारी कोण बसणार नाही, ह्याची किंमत म्हणून जातो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहून पाहिले की हे कळते. मुले कशी बाहेर येतात, चालत किती येतात, कामवालीचे मूल त्यांत आहे की नाही, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

आणि सर्वांत वरची शाळाच माणूस घडवते, हेही खरे नाही. साताऱ्याहून मुंबईला आलेल्या रामजी सुभेदारांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार मांडला आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. ती वस्ती गिरणीकामगारांची होती, शाळा सरकारी होती, आणि पहाटे मुलाला उठवून अभ्यासाला बसवणारा बाप घरात होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. म्हणजे शाळेलाच त्यांनी शेजार केले. शेजार मिळत नसेल तर तो करता येतो, हा त्या वसतिगृहाचा अर्थ.

मी येथपर्यंत निवड करू शकणाऱ्यांविषयी लिहिले. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या जिल्ह्यातून दुसरेच स्थलांतर सुरू झालेले असेल. गंगाखेड, सोनपेठकडून उसतोडीच्या टोळ्या निघतील. उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांचा शेजार मुकादम ठरवतो, घर म्हणजे फडाजवळची कोपी, आणि शाळा बहुधा ठरलेलीच नसते. सरकारच्या हंगामी वसतिगृहांत काही मुले मागे राहतात, कारखान्यांवरच्या साखरशाळांत काही गेली. बाकीची उसाच्या पाचटात बसून धाकट्या भावंडाला खेळवतात. ही मुलेही आमच्याच हजेरीपटावर असतात. दाखला ती मागत नाहीत.

ह्या मुलांच्या मानाने पाहिले म्हणजे शाळा आणि शेजार निवडता येणे हा हक्क कमी आणि सुदैव अधिक, हे ध्यानात येते. सुदैवाचे ओझे असते. जे पालक बोलू शकतात, तक्रार करू शकतात, मास्तराला जाब विचारू शकतात, तेच आधी शाळा सोडतात. आणि मग मागे राहिलेल्यांच्या वतीने जाब विचारणारा कुणी उरत नाही. म्हणून जाणाऱ्यांकडे माझे मागणे थोडके आहे. नव्या गावी गावठाणातली शाळा एकदा आत जाऊन पाहा. ती पुरेशी असेल तर पुढे पाहू नका. ती पुरेशी नसेल तर मूल दुसरीकडे घाला, पण तिच्या व्यवस्थापन समितीच्या सभेला जाणाऱ्या शेजाऱ्याची बाजू धरा. आणि सोडलेल्या शाळेला वर्षातून एकदा विचारा, पाचवीला शिक्षक मिळाला का? मुलासाठी चांगले जग शोधत फिरणे हा बापाचा धर्म आहे. ते जग दुसऱ्याच्या मुलाला बंद करून चांगले होत असेल, तर आपले मूलही त्या बंद दाराआडच वाढणार आहे, एवढे त्याने विसरू नये.