वेस आणि सरहद्द



आपल्या बैठकांत एक प्रश्न वरचेवर निघतो. कापूस वेचायला छिंदवाडा-शिवनीकडून मजूर येतात. ठेकेदार गाडीत भरून आणतो, शेतावरच ठेवतो. आपल्या वस्तीतल्या बाया किलोमागं जो भाव मागतात, त्याहून कमीत ते वेचतात. मग आपलाच एखादा कार्यकर्ता उठतो अन् म्हणतो, "आधी ह्या परप्रांतीयांना हाकला, मग मजुरीचं बोला." ज्याच्याजवळ कागद नाही तो बांगलादेशी, असंही वर जोडतो.

दुखणं खोटं नाही. जिचा भाव पडला, तिच्या घरची चूल विझते. तिला माणुसकीचं प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण भाव पाडला कोणी, हे विचारलंच पाहिजे.

गडचिरोली-चंद्रपूरची आपली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथं परप्रांतीय कोण? आपणच. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसं तिकडं अडकली, कित्येक जण पायी घराकडं निघाले. एक नदी ओलांडली की कोणीही बाहेरचा होतो.

अन् बाहेरचा करणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावानं महाराला मेलेलं ढोर ओढायला आत बोलावलं, राखणीला वेशीवर उभं केलं, अन् राहायला वेशीबाहेर ठेवलं. काम पाहिजे, माणूस नको. बाहेरच्याचं गाऱ्हाणं चावडीत कोणी ऐकत नव्हतं, म्हणून त्याचा घाम फुकट होता. आजचा मजूर स्वस्त आहे तोही ह्याच कारणानं. डोक्यावर उचल, हातात रेशनकार्ड नाही, मनात हाकलण्याची भीती. तो कोणाकडं तक्रार करणार? आपण "हाकला" म्हणून ओरडतो तेव्हा ती भीती वाढते, अन् ठेकेदाराचं काम आपणच फुकटात करतो. त्याचा भाव खाली जातो, मागोमाग आपला.

दूरचा एक दाखला घ्या. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, तिच्याच कॅलिफोर्नियात १९६५ साली द्राक्षमळ्यांतले मजूर संपावर गेले. मळेवाल्यांनी मेक्सिकोतून आलेली माणसं कामावर लावून संप फोडायला पाहिला. तेव्हा सीझर चावेझच्या युनियननं १९७४ साली मागणी केली, बेकायदा आलेल्यांना पकडा. चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचा! पुढं त्याच युनियनला भूमिका बदलावी लागली, त्यांना कागद द्या म्हणावं लागलं. १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. त्यांत शेतमजूर लाखांनी होते.

आता आपलं संविधान उघडा. देशभर फिरण्या-राहण्याचा हक्क कलम १९ नागरिकाला देतं. छिंदवाड्याचा मजूर तर नागरिकच आहे, त्याला हाकलणारे तुम्ही कोण? पण कलम १४ अन् २१ मध्ये शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. वेठबिगारी बंद करणारं कलम २३ सुद्धा नागरिकत्व विचारत नाही. परदेशातून आलेल्यानं राहावं की जावं, हे सरकार कायद्यानं ठरवील. पण त्याचा घाम फुकट घ्यायची मुभा कोणालाच नाही. अन् कागद तपासण्याच्या घाईत काय होतं तेही पाहा. २०२५ साली महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं. ते भारतीयच निघाले, परत आणावं लागलं.

तेव्हा पोरांनो, पुढच्या वेचणीला शेतावर जा. सोबत वस्तीतल्या बायांना घ्या, बोलणी त्यांनाच करू द्या. आलेल्यांत गोंड पुष्कळ असतात, त्यांची भाषा येणारा एक जण बरोबर असू द्या. उचलीची वही पाहायला मागा. आलेल्यांचा अन् इथल्यांचा भाव एकच बांधा, तो मिळेस्तोवर दोघांनीही कापसाला हात लावू नये. हे अवघड आहे. हाकलणं सोपं आहे, पण आपल्या आज्यांना ज्यांनी वेशीबाहेर ठेवलं, त्यांनाही ते सोपंच वाटलं होतं.

जय भीम.

— प्रताप नगर, नागपूर