निळा रंग आणि प्राण

भिवंडीच्या मागावरून उतरलेले कोरे सुती कापड दिलेला रंग निमूटपणे अंगात मुरवून घेते. परंतु त्याच सुतास चढणारा ट्रायपॅन ब्लू हा रंग पेशींवर घातला असता जिवंत पेशी त्यास आवरणाबाहेरच थोपविते व मृत पेशी मात्र निळीभोर होते, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, प्राण म्हणजे नकार देण्याचे सामर्थ्यच की काय, असा प्रश्न मला पडला. पेशींच्या त्रिमितीय संवर्धनात मात्र हा निवाडा डळमळतो. तेथे पेशी एकत्र येऊन इवलासा गोल रचतात. प्राणवायू पृष्ठापासून जेमतेम दीडदोनशे मायक्रोमीटर आत पोहोचत असल्याने मोठ्या गोलाचा गाभा गुदमरून मरतो, आणि रंगही तेथवर नीट झिरपत नसल्यामुळे मेलेला गाभा जिवंतांच्या हिशेबात जमा होण्याचा धोका राहतो. गोल फोडावा, तर फोडण्यातच काही पेशी दगावतात. काजव्याच्या विकराने पेशीतील एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून निघणारा प्रकाश मोजावा, तर त्यासाठी पेशीच विरघळवाव्या लागतात, म्हणजे जीव मोजण्याची किंमत जीवच. आणि गाभ्याच्या काठावरच्या त्या उपाशी, निश्चल, तरीही प्राणवायू मिळताच पुन्हा विभागू शकणाऱ्या पेशी, ज्यांच्याविषयी मला विलक्षण आस्था वाटते, त्यांची नोंद दफ्तराच्या कोणत्या रकान्यात करावी?