शेताचा धनी आणि शेताचा कसणारा

शास्त्रभाग : २ शमुवेल ९:९-१३, १९:२४-३०



योनाथानाच्या स्नेहास्तव दावीद राजाने त्याचा पुत्र मफीबोशेथ ह्याला शौलाची सर्व शेतजमीन परत दिली. मफीबोशेथ दोन्ही पायांनी अधू होता; तो यरुशलेमेत राहून राजाच्या पंक्तीस जेवी. नांगर धरणारे मात्र सीबा, त्याचे १५ पुत्र व २० चाकर होते. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. पुढे दोघांत तंटा उपजला तेव्हा, जमीन उभयतांनी वाटून घ्यावी, असा राजाने निवाडा केला.

हा तंटा आज आपल्याही घरांत आहे. सन २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू करून शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांनी थेट बँकेत देण्याचे ठरविले. सन २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी योजनेने तितकीच भर घातली. पेरणीच्या वेळी बी-खतासाठी सावकाराचे दार धरावे लागू नये, हा त्यातील हेतू. ह्या साह्याबद्दल देवाचे उपकार मानणे योग्यच आहे.

परंतु हे द्रव्य कोणास मिळते? ज्याचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर आहे त्यास. अर्धेलीने कसणारा कूळ व मजुरीने निंदणी करणारी बाई ह्यांना त्या यादीत ठाव नाही. ह्या अंधेरीत एके काळी भाताची खाचरे होती. आता तेथे इमारती आहेत, आणि कोकणातून व घाटावरून आलेली कुटुंबे त्यांच्या आसऱ्याने राहतात. कित्येकांचे नाव गावच्या उताऱ्यावर आहे. गावी भाऊ किंवा शेजारी शेत कसतो. हप्ता मात्र मुंबईच्या खात्यात पडतो.

कोणी म्हणेल, "हे तर नियमाला धरून आहे, मग दोष कोठे?" प्रथम नियमच नीट पाहा. आयकर भरणारा, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकरीतला कर्मचारी, नोंदणीकृत डॉक्टर वा वकील ह्यांस हा निधी घेण्याचा अधिकार नाही. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते. ज्याने अधिकार नसता घेतले असेल, त्याने जक्कयाप्रमाणे परत करावे.

ज्याला अधिकार आहे त्यानेही ऐकावे. पौलाने तीमथ्याला शिकविले आहे की, पिकाच्या वाट्यावर पहिला हक्क श्रम करणाऱ्या शेतकऱ्याचा. सरकार उतारा पाहते. देव तळहाताचे घट्टेही पाहतो. बियाण्यासाठी दिलेला पैसा बी पेरणाऱ्याच्या हाती जाऊ नये, हे न्यायाचे आहे काय?

शहरातला भाऊ चैनीत आहे असेही समजू नका. तोही खोलीचे भाडे व मुलांची फी ह्यांखाली वाकलेला असतो. आणि कसणारा सर्वथा निर्दोष असतो असेही नाही. सीबाने राजापुढे आपल्या धन्याची चहाडी केली होती. म्हणून मालकाने हप्ता लपवू नये व कसणाऱ्याने रास लपवू नये. सुगीपूर्वी दोघांनी एकत्र बसून उघड हिशेब करावा. आणि मजुरीच्या बाईचा रोज त्याच दिवशी चुकता करावा.

मंडळीच्या उपदेशकांनो, निरक्षर वृद्धांची ई-केवायसी विनामोल करून द्या. विधवेच्या हप्त्यातून कोणी कापून घेत असेल तर गप्प राहू नका.

शेवटी, मफीबोशेथाने निवाड्यावर काय उत्तर दिले ते ध्यानात घ्या. माझा राजा सुखरूप घरी आला एवढे मला पुरे. सीबाने सारेच घ्यावे, अशा अर्थाचे तो बोलला. ज्याला राजाची पंक्ती लाभली, त्याची मूठ सैल झाली. आपणही प्रभूच्या मेजावर बसणारे आहोत. मग २,००० रुपयांसाठी भावाचे तोंड न पाहणे आपल्याला शोभेल काय?

प्रभू आपल्या शेतांवर पाऊस व आपल्या अंतःकरणांत न्याय पाठवो. आमेन.