न पाहणारा गुरू

माणसाचा प्रामाणिकपणा कोठे कसाला लागतो असे कुणी विचारले, तर आपण चटकन पैशाचा व्यवहार, कोर्टातली साक्ष, परीक्षेचे दालन अशी ठिकाणे सांगू. ठिकाणे मोठी खरी. पण तेथे पाहणारे डोळे असतात, आणि डोळ्यांच्या धाकाने नीट वागणाऱ्याला प्रामाणिक म्हणावे की नुसते सावध, हा प्रश्न उरतोच. मला विचाराल तर प्रामाणिकपणाची एक फार बारीक परीक्षा स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून, दोन्ही टाचा उचलून उभे राहून देता येते. हे वाचून वाचक हसतील. हसावेच, दिवाळीचे दिवस आहेत. मात्र हसून झाल्यावर पुढचेही ऐकावे.

गोष्ट आहे बॅले या पाश्चात्त्य नृत्यातून निघालेल्या व्यायामाची. हल्ली त्याच्या चित्रफिती मोबाइलवर मिळतात. पडद्यावरची बाई करून दाखवते, आठापर्यंत मोजते. आपण आपल्या घरात, आपल्या सतरंजीवर तिच्यामागून करायचे. गेले काही महिने मी हे करते आहे. वय चाळिशी ओलांडलेले. पेशा पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावण्याचा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. दोन्ही कामांत पाठ वाकते, म्हणून हा उद्योग. या व्यायामात ज्या आडव्या दांडीला धरून उभे राहतात तिला 'बार' म्हणतात. तो शब्द कानी पडताच सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवाळीला अजून अवकाश आहे, आतापासून कसले बार उडवतेस?" मुलगी म्हणाली, "आई, ती हंस दिसते आणि तू बदक." आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र किंचित खाली केले आणि काही न बोलता पुन्हा वर घेतले. त्या वर्तमानपत्राला पुष्कळ बोलता येते.

या व्यायामाची वंशावळ मोठी मौजेची आहे. बॅलेचे बीज इटलीच्या दरबारांत पडले आणि रोप फ्रान्समध्ये वाढले. तेथला राजा चौदावा लुई स्वतः नाचत असे; १६५३ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, त्याने सूर्याचे सोंग घेतले होते. १६६१ साली त्याने नृत्याची राजमान्य संस्था स्थापन केली. म्हणून आजही मॉस्कोत काय किंवा मुंबईत काय, बॅलेतल्या हालचालींची नावे फ्रेंचच आहेत. गुडघे वाकवणे म्हणजे प्लिए, टाचा उचलणे म्हणजे रलव्हे, पाऊल जमिनीलगत सरकवीत ताणणे म्हणजे तांद्यू. राजवाड्यातली ही विद्या नर्तकी नसलेल्या बायकांच्या आवाक्यात आणली ती लोटे बर्क हिने. १९१३ साली जर्मनीतल्या कलोनमध्ये जन्मलेली ही ज्यू नर्तकी नाझींच्या तावडीतून निसटून लंडनला आली. पाठीच्या दुखापतीतून उठल्यावर तिने दांडीवरचे धडे आणि पाठीसाठीचे व्यायाम यांची सांगड घातली, आणि १९५९ साली लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवर वर्ग उघडला. पुढे १९७१ साली ही पद्धत न्यूयॉर्कला पोहोचली. १९८२ साली जेन फोंडा या नटीच्या व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि पडद्याकडे पाहून घरच्या घरी व्यायाम करण्याची चाल रूढ झाली. असे हे दोन ओघ मिळून एका राजाचा छंद माझ्या ओट्यापर्यंत आला.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. ज्या कलेसाठी मुली आठ-दहा वर्षांच्या असल्यापासून पाय झिजवतात, तिचे चार तुकडे उचलून आपण पोट कमी करायला वापरावेत, हे योग्य आहे काय? एखाद्याने खर्जाचा रियाज केवळ घशातला कफ सुटावा म्हणून करावा, तसे हे नव्हे काय? त्यात या चित्रफितींवरची आश्वासने पाहिली म्हणजे आक्षेपाला बळच येते : 'नर्तकीसारखी उंच, सडपातळ काया!' वास्तविक आपली हाडे आहेत तेवढीच राहणार. तेव्हा मला वाटते, घेण्यात पाप नाही. घेतले त्याहून अधिकाची मिरवणूक काढण्यात आहे. दुसऱ्याच्या अंगणात पाणी प्यायला हरकत नसते. विहीर आपली म्हणून सांगू नये. 'मी बॅले शिकते' असे मी कुणाला सांगत नाही. मी त्या अंगणात पाणी प्यायला थांबले आहे, इतकेच.

दुसरा आक्षेप घरातल्या शहाण्यांचा : या वयात सुरुवात करून तू काय होणार? यावर उत्साही माणसे लगेच थोरांचे दाखले देतात. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे उदाहरण तर तोंडावरच असते. १९०४ सालचा त्यांचा जन्म. विशीत ॲना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीच्या सहवासाने त्या भारल्या गेल्या, तिच्याच मेळ्यातल्या क्लिओ नोर्डीकडे बॅले शिकल्या. मग आपल्या मातीतल्या नृत्याकडे वळून १९३५ साली भरतनाट्यम घेऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या, आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. उदाहरण सुंदर आहे. परंतु नवशिक्याला असला दाखला देणे ही एक गोड फसवणूकच. त्याचा अर्थ एवढाच होतो की, शेवटी मोठे होणार असाल तर उशिरा सुरुवात केलेली चालेल. आणि जे कधीच मोठे होणार नाहीत त्यांचे काय? खरा प्रश्न आपणा लाखोंचा आहे. जे आपल्याला कधीही उत्तम साधणार नाही ते मन लावून करावे काय, आणि करावे तर कुणाच्या भरवशावर?

आता मूळ मुद्द्यावर येते. पडद्यावरची बाई मोजत असते. टाचा उचललेल्या, गुडघे थोडे वाकलेले, मांड्या थरथरू लागलेल्या. पाचाच्या आकड्याला माझी टाच खाली येते. ती सहा म्हणते, सात म्हणते, आठ म्हणते, आणि मग प्रसन्न हसून म्हणते, "शाबास! किती छान केलेत!" मी शाळामास्तरीण, त्या 'शाबास'ने मी प्रथम चमकलेच. वर्गात चाळीस पाट्या तपासून मी चौघांना शाबास म्हणते, तेव्हा त्या शब्दाला काही वजन असते. ही बाई न पाहता, केलेल्याला, न केलेल्याला आणि मध्येच दुधाकडे धावलेल्यालाही तीच शाबासकी देते. तिचा दोष नाही. तिला डोळेच नाहीत. पण त्या शाबासकीचे काय करायचे, हे मात्र माझ्या हाती उरते. पाच करून आठाची शाबासकी मी खिशात टाकू शकते. जगात कुणाला कळणार नाही.

आपल्याकडे असा एक शिष्य होऊन गेला. एकलव्यासमोर मातीचे द्रोणाचार्य होते. ते रागावत नव्हते, चूक दाखवीत नव्हते, कौतुकही करीत नव्हते. आपण त्या कथेत नेहमी अंगठ्याची गोष्ट ऐकतो, आणि त्या अन्यायाने मन कळवळते ते योग्यच. पण अंगठा मागितला जाण्याआधीचे ते दिवस मला अलीकडे फार आठवतात. बाण चुकला की तो चुकला, हे त्या रानात सांगणारे कोण होते? स्वतः तोच. न पाहणाऱ्या गुरूचा शिष्य व्हायचे तर गुरूचे डोळे आपल्याच ठिकाणी उगवावे लागतात. माझ्या गुरूच्या तोंडी शाबासकी भरून ठेवलेली आहे, म्हणून माझे काम जरा अवघड. मुका गुरू बरा. गोडबोल्या गुरूपुढे जपावे लागते.

आणि शरीराची एक गंमत अशी की ते दुसऱ्याची फसवणूक खपवून घेते, पण स्वतःची फारशी नाही. बॅलेच्या पहिल्या स्थितीत टाचा जुळवून चवडे बाहेर वळवतात. हे वळण मांडीच्या खुब्यातून आले पाहिजे. चाळिशीतल्या खुब्यातून ते येते बेताचेच. मग चित्रातल्यासारखा ऐसपैस कोन दिसावा म्हणून नवशिका गुडघे पिरगाळून पावले बाहेर ढकलतो. दिसायला कोन बरोबर, भोगायला गुडघा. माझा कोन लहान आहे, पण तो खुब्यातून आलेला आहे. बाहेरून ओढूनताणून आणलेल्या मोठेपणाचा भार आतल्या कुठल्या तरी सांध्यावर पडतच असतो. माणसांच्या संसारांतही मी हे पाहिले आहे.

याचा अर्थ स्वतःला छळावे असा मात्र नव्हे. टाच पाचावर टेकली हा गुन्हा नाही. थकणे हा देहाचा धर्म आहे; थकलो नाही असे भासवणे एवढेच वाईट. आणि नवशिकेपणाची लाज तर मुळीच धरू नये. जगातली मोठ्यात मोठी नर्तकीही रोज सकाळी वर्गात आल्यावर दांडीला हात लावते आणि आधी प्लिएच करते, जो माझाही पहिला धडा. अर्थात तिचा प्लिए आणि माझा प्लिए यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण सुरुवात करण्याची पाळी तिलाही चुकलेली नाही. दर जूनमध्ये माझ्या वर्गात येणारी पोरे वाकडा 'ग' काढून निर्धास्तपणे पाटी पुढे करतात. हे धैर्य लहानपणी प्रत्येकापाशी असते. मोठेपणी ते जाते, कारण न जमणाऱ्या गोष्टी टाळण्याची सोय आपल्याला मिळते.

सणाच्या दिवसांत तर मोजदाद आपोआप वाढते. चकल्या किती केल्या, पाहुणे किती आले, काय काय घेतले, सारे आठापर्यंत मोजले जाते आणि शाबासकीही मिळते. अशा वेळी दिवसातली दहा मिनिटे तरी कुणी पाहत नसलेल्या ठिकाणी, न जमणाऱ्या एखाद्या गोष्टीपाशी घालवावीत. ती बॅलेच असावी असे नाही. पेटी चालेल, पोहणे चालेल, नवी लिपी चालेल. तेथे पाच झाले असतील तर पाच झाले म्हणावे. उद्या सहा होतील. न झाले तरी ते पाच पुरते पाच असतात, आणि आपले असतात.