गळा कुणाचा?

आपल्या कॅरीत चार मराठी घरं जमली, की मुलांचा विषय निघतोच. माझी लेक सर्जन आहे. जनरल सर्जरीची पाच वर्षं झाली, आता थायरॉईड-पॅराथायरॉईडच्या सर्जरीची एक वर्षाची फेलोशिप. सांगताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी हिच्या थायरॉईडमध्ये गाठ निघाली. या ग्रंथीला चिकटूनच आवाजाची नस जाते. आणि ही तर गणपतीत आरती सांगणारी! शेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड. त्या दुखावल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मी वाचत सुटलो. आपल्या शेजारच्या डरहॅममधल्या ड्यूकच्या डॉक्टरांनी सुमारे १७ हजार पेशंटांची माहिती तपासून २०१७ साली लिहिलं, की वर्षाला २५ हून अधिक पूर्ण थायरॉईड काढणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंत कमी होते. त्या माहितीतल्या निम्म्या सर्जननी वर्षाला एकच केली होती!

मी सर्जनना विचारलं, "वर्षाला किती करता?" हा प्रश्न रास्तच होता, आजही वाटतं. पण पुढे म्हणालो, "फेलोचा हात नको."

परतताना गाडीत ही म्हणाली, "अहो, आपली लेक कुणाच्या गळ्यावर शिकतेय?"

मी गप्प. नको म्हणायला इंग्रजी लागतं, धीटपणा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्याच गळ्यावर का पंचवीस पुऱ्या व्हायच्या?

ऑपरेशनच्या सकाळी हिने फेलोला जवळ बोलावलं, नाव विचारलं आणि संमतीपत्रावर सही केली.