परक्या गावातील सण

(अनुवाद 16 : 9-15 हा भाग वाचावा.)



देवाने इस्राएल लोकांस सण पाळण्याची आज्ञा दिली, तेव्हा आनंद कोणी करावा हेही सांगितले. त्यांत मुलगा व मुलगी आहेत, दास व दासी आहेत, अनाथ व विधवा आहेत. आणि वेशीच्या आत राहणारा उपराही आहे. आपण एके काळी मिसरात दास होतो, ही आठवण त्यांनी ठेवावी असेही तेथे बजावले आहे.

ही आठवण आपल्या नाशिकासही आहे. गंगापूर रोडपासून जवळच शरणपूर आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस ह्यांनी वसविलेल्या ह्या ख्रिस्ती वस्तीत 1860 नंतर आफ्रिकेतील मुले राहत असत. गुलाम म्हणून गलबतांतून नेली जात असता इंग्रजी आरमाराने त्यांस सोडविले होते. आईबाप दुरावले, भाषा परकी, अन्न परके. अशा स्थितीत त्यांनी गोदातीरी नाताळ पाळला आणि येथेच विद्या व कसब संपादन केले.

पुढे त्यांतील काही तरुण आफ्रिकेत परत गेले. जेकब वेनराइट व त्याचे सोबती 1872 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांस जाऊन मिळाले. त्या वर्षीचा नाताळ टांगानिका सरोवराच्या दक्षिणेकडील रानात, वाटेवरच आला. लिव्हिंग्स्टन तर स्कॉटलंडचे. पण नाशिकचे हे तरुण आफ्रिकेत जन्मले असूनही त्या मुलखात उपरेच होते. तेथे ना मंदिर, ना घंटा. तरी त्या दिवशी प्रवास थांबविला, पुत्राच्या दानाबद्दल देवाचे आभार मानले, एक बैल कापला आणि प्रत्येक माणसास मण्यांच्या माळा वाटल्या. त्या मुलखात मणी म्हणजे नाणेच. त्यांवर धान्य मिळे. विसावा, उपकारस्तुती आणि वाटणी, एवढाच तो सण. आणि तो पुरा होता.

त्याच्या आदल्या वर्षी, 1871 साली, उजिजी गावी लिव्हिंग्स्टन व स्टॅन्ली ह्यांनी मेंढा, दूध, अंडी, मासे असे सर्व जमविले होते. पण आचाऱ्याने मांस बिघडविले, गोड पदार्थ करपविला आणि मेजवानी फसली. जो सण ताटावर उभा असतो तो ताटाबरोबरच पडतो.

1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारले. त्या परक्याकरिता चितांबो व त्याच्या लोकांनी शोक केला, आणि नाशिकच्या जेकबाने प्रेतसंस्काराच्या प्रार्थना वाचल्या. ज्यांनी परक्याच्या दुःखात भाग घेतला ते आपणांस पुसतात : तुम्ही परक्यास आपल्या आनंदात घेता काय?

बंधूंनो, डिसेंबरात आपल्या शिवारांत पाहा. पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामास येतात; ऊसतोडीचे मजूर कोपी घालून राहतात. आपल्या घरी करंज्या तळल्या जातात, त्यांचा वास त्यांच्या लेकरांपर्यंत पोहोचतो. करंजी मात्र पोहोचत नाही. कित्येकदा त्यांस बोलावितात, पण जात विचारून पंगतीच्या शेवटी बसवितात. असे आमंत्रण हा अपमानच होय. ज्यांचे वाडवडील वेशीबाहेर बसविले गेले त्यांनी दुसऱ्यास वेशीबाहेर बसवावे, ही केवढी विस्मृती!

सुवार्तिकांनो, ह्या वर्षी त्यांस पंगतीच्या मध्यभागी बसवा. घासाबरोबर उपदेश भरवू नका. त्यांच्या गावी सण कसे होतात, ते त्यांनाच विचारा आणि ऐका. आणि तुमच्यापैकी जो पोटासाठी परमुलखात असेल, त्याने आपला सण गावी राहिला असे म्हणू नये. घटकाभर काम थांबवावे, देवाचे उपकार मानावे, आणि असेल ती भाकर शेजाऱ्याबरोबर मोडावी. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूलाही उताराशाळेत जागा मिळाली नव्हती. तो आपल्या पंगतीत उपऱ्याची जागा रिकामी न ठेवण्याची बुद्धी आपणां सर्वांस देवो. आमेन.