ओळख कोठे ठेवावी?

'ओळख' हा मराठीतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. आपण कोण आहोत ती आपली ओळख आणि आपणांस कोण जाणते तीही आपली ओळखच. हिंजवडीत या शब्दाला तिसराही अर्थ लाभला आहे, तो म्हणजे गळ्यात फितीला लटकणारे ओळखपत्र. मुळशी तालुक्यातील हे गाव चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड आजही ओढते. त्या गर्दीत कोण कोणाच्या वाड्यातला हे गावकऱ्याला विचारावे लागत नाही. आणि तेथून थोड्याच अंतरावर, राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारतींत, शेजारच्या खुर्चीवरील माणसाचे नाव त्याच्या छातीवरील कार्डावरून वाचावे लागते.

या कार्डधारकांत आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली पुष्कळ आहेत. वसईची आहेत, गोव्याची आहेत, अहिल्यानगरकडील आहेत. नोकरी गेली किंवा जाण्याची चिन्हे दिसू लागली, म्हणजे ती आम्हांकडे एक प्रश्न घेऊन येतात. व्यावसायिक ओळखीची इतकी संकेतस्थळे आहेत, त्यांपैकी कोणत्यावर आपली शक्ती खर्च करावी? २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून हा प्रश्न अधिक काकुळतीने विचारला जातो. हा प्रश्न पोटाचा आहे, घराच्या हप्त्याचा आहे. धर्मगुरूने त्याला ऐहिक म्हणून बाजूस सारावे, असे आम्हांस वाटत नाही.

त्याचे व्यवहारी उत्तर थोडक्यात देता येते. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ साली सुरू केलेले नोकरी डॉट कॉम हे मुख्यतः नोकऱ्यांचे दुकान आहे. आपण आपली माहिती तेथे मांडावयाची आणि माणसे शोधणाऱ्या कंपन्यांनी पैसे भरून ती चाळावयाची. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेले लिंक्डइन मात्र नुसती माहिती मागत नाही, ते आपल्या ओळखीपाळखी मागते. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने सव्वीस अब्ज डॉलरहून अधिक मोजून ते विकत घेण्याचा सौदा केला. त्या पैशांत मुख्यतः काय घेतले गेले याचा विचार केला, तर त्यांत तुमच्याआमच्या ओळखीही होत्या हे ध्यानात येईल. गिटहब येथे संगणकतज्ज्ञाने लिहिलेले कामच इतरांना पाहता येते. चालक, विक्रेते, सामान पोहोचविणारे यांच्यासाठी २०१९ पासून 'अपना' आहे. जर्मनीला जाऊ पाहणाऱ्याने झिंगकडे एकदा डोकावावे. ज्या पेठेत आपल्या मालाचे गिऱ्हाईक येते तेथे बसावे, एवढाच याचा मथितार्थ. आमचे मत विचाराल तर दोनांहून अधिक ठिकाणी बसूच नये. वाऱ्यावर सोडलेले खाते गप्प राहत नाही. चार वर्षांपूर्वीची आपली स्थिती ते आजची म्हणून सांगत राहते. तेथे कोणी हाक मारली, तर तिला उत्तर मिळत नाही.

परंतु प्रश्नाचा गाभा निराळा आहे. ओळख ही वस्तू साठवावी काय?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले की, ज्या माणसामुळे ती मिळाली तो तुम्हांला कितीदा भेटत असे? नेहमी भेटणारा, असे सांगणारे शंभरांत सुमारे सतराच निघाले. बाकीच्यांना उपयोगी पडला तो क्वचित किंवा अधूनमधून भेटणारा माणूस. कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपणांसही ठाऊक असते. नवी बातमी दुरूनच येते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचा अभ्यास आला, त्यानेही हेच थोड्या फरकाने सांगितले. फार जवळची ओळख नव्हे आणि अगदी नावापुरतीही नव्हे, तर मधल्या अंतरावरील ओळख नोकरी मिळण्यास अधिक उपकारक ठरते. (ज्यांच्यावर हा प्रयोग पाच वर्षे चालला त्यांना त्याची वेगळी कल्पना दिलेली नव्हती. हेही विसरू नये.)

म्हणजे दूरच्या ओळखी कामास येतात हे खरे. मग पाचशे, हजार अशा त्या जमवीत सुटावे, तर त्यांत वाईट काय? अॅरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्गुणासाठी. उपयोगाच्या मैत्रीला त्याने पाप म्हटले नाही. उपयोग सरला की ती सरते, एवढेच म्हटले. त्याच्याहून कठोर होण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. वाण्याशी आपला संबंध उपयोगाचाच असतो आणि तो सचोटीचा असू शकतो. दोष शिरतो तो एका प्रकारची ओळख दुसऱ्या प्रकारची म्हणून खपविली जाते तेव्हा. सहा वर्षे ज्याची विचारपूस केली नाही त्याला अकस्मात 'प्रिय मित्रा' असे लिहिणे हे त्याचेच उदाहरण. त्यापेक्षा 'मला काम हवे आहे' हे पहिल्याच ओळीत लिहावे. पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा गवंडी आपण कामाच्या शोधात आहोत हे लपवीत नाही. संगणकतज्ज्ञाने तरी का लपवावे?

येथे आम्हांस मुंबईतील गोमंतकीयांच्या कुडांची आठवण येते. धोबीतलावच्या परिसरात गावागावांचे हे क्लब थाटले गेले. बोटीवर काम शोधणारे खलाशी, आचारी, वादक तेथे उतरत. प्रत्येकाला आपली पेटी ठेवण्यापुरती जागा मिळे, सायंकाळी वेदीपुढे रोझरी होई. कोणती बोट लागली, कोठे माणसे हवी आहेत, ही बातमी तेथेच फिरे. व्यावसायिक ओळखीचे जाळे म्हणतात ते याहून निराळे काय आहे? मात्र एक फरक होता. तेथे एखाद्याविषयी शब्द टाकणे महाग पडे. ज्याची शिफारस केली तो बोटीवर दारू पिऊन पडला, तर शिफारस करणाऱ्याचे तोंड काळे होई आणि पुढच्या वेळी त्या गावच्या पोराला कोणी विचारीत नसे. म्हणूनच त्या शब्दाला किंमत होती.

आजचा शब्द स्वस्त झाला आहे. २०१२ पासून लिंक्डइनवर दुसऱ्याच्या कौशल्याला एका बोटाच्या स्पर्शाने दुजोरा देता येतो. ज्याला काम करताना कधी पाहिले नाही, त्याच्या नेतृत्वगुणांची ग्वाही आपली माणसे चहा पिता पिता देतात. बऱ्याच कंपन्यांत, आपण सुचविलेला उमेदवार लागला तर सुचविणाऱ्याला बक्षीस मिळते. मग अनोळखी माणसाचेही नाव 'ओळखीचा' म्हणून पुढे जाते. ही क्षुल्लक गोष्ट आहे असे आम्ही मानीत नाही. ती साक्ष आहे. आणि खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली आहे.

तरीही कुडांचे गोडवे गाऊन आम्ही थांबलो, तर अन्याय होईल. कुडाच्या दारातून परगावच्याला प्रवेश नसे, आणि बहुतेक कुडांत स्त्रीला तर नसेच. ज्याच्या मागे गाव नाही त्याने काय करावे? एखाद्या लहान गावातील मुलगी, जिच्या घराण्यात कोणी कचेरीत पाय ठेवलेला नाही, ती पदवी घेऊन वाकडच्या वसतिगृहात येऊन राहते. तिला मधल्या अंतरावरील ओळखी आणाव्यात कोठून? नोकऱ्यांच्या दुकानातील ती कोरडी यादी तिला अधिक दयाळू वाटली, तर नवल नाही. कारण ती यादी 'तू कोणाची?' असे विचारीत नाही. ओळखीवर चालणारी बाजारपेठ ओळख असलेल्यांनाच अधिक देते, आणि यंत्रामुळे ही जुनी गोष्ट बदललेली नाही.

म्हणून विचारणाऱ्याची स्थिती पाहून आमचे उत्तर बदलते. जिच्याकडे ओळख नाही तिने प्रथम जेथे काम पाहिले जाते तेथे आपले काम नीट मांडावे, ओळखींचे ठिकाण दुसरे ठेवावे. परंतु ज्याची नोकरी आज शाबूत आहे, ज्याच्या नावापुढे मोठ्या कंपनीचे नाव लागलेले आहे, त्याने लिंक्डइनसारख्या ठिकाणी अवश्य असावे, मग त्याला स्वतःला काही नको असले तरी. मधल्या अंतरावरची ती ओळख दुसऱ्या कोणासाठी तोच आहे. आठवड्यातून अर्धा तास काढून अनोळखी मुलामुलींच्या पत्रांना त्याने उत्तर द्यावे. जागा नसेल तर नाही असेच, पण उत्तर द्यावे. आणि कोणाचे नाव आपल्या कंपनीत पुढे पाठवावयाचे झाले, तर जेवढे पाहिले तेवढेच लिहावे. 'हिच्याबरोबर मी काम केलेले नाही. हिने लिहिलेले काम मी वाचले आहे आणि ते मला चांगले वाटले. तासभर बोललो, प्रश्न नीट समजून उत्तरे देते.' असा मजकूर वाचणारा अधिकारी क्षणभर तरी थबकतो, असा आमच्या परिचयातील अनेकांचा अनुभव आहे.